फिल्ममधले अकरा साचे

फिटरने चाळीस वर्षं पाइपांत काढली. तुंबलेली लाइन साफ करायला बोलावलं की तो आधी आराखडा मागायचा. "हरवला हो कुठेतरी" म्हणणाऱ्या मालकाला तिथल्या तिथे झाडायचा. जुना पाइप कुठे पातळ झालाय ते ठाऊक नसताना आत स्प्रिंग घुसवायची, याला तो काम म्हणतच नसे.

त्या सकाळी बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. चिमटा पडला. मग दुसरा.

"अगं, आज चिमट्यांशी भांडण का?" त्याने आतून विचारलं. बाहेर येऊन बघतो तर तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबकळतोय. पंचवीस मिनिटांत त्याने तिला इस्पितळात पोचवलं. इथवर त्याचं काही चुकलं नाही.

तपासणी करून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "काका, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय. मांडीतून तार नेऊन ती काढता येते. यांना आधीचं काही?"

"पाच वर्षांपूर्वी डोकं दुखायचं, तेव्हा फुगा निघाला होता. शीर फुगलीय म्हणाले."

"कुठे?"

"डोक्यात."

"डोक्यात कुठे, काका? गुठळीपुढे रक्तच जात नाही, त्यामुळे पुढचं आम्हाला काही दिसत नाही. फुगा तिथेच असला आणि तार त्यात शिरली, तर फुटेल. तेव्हाच्या स्कॅनची जुनी फिल्म आणा. लवकर. एकेका मिनिटाला मेंदू मरतोय."

जिथे फिल्म काढली ते सेंटर कधीच बंद पडलं होतं. आणि घरातली फिल्म त्यानेच कापली होती. पाइपाच्या जोडाला लागणाऱ्या पॅकिंगच्या गोल कड्यांचे साचे जुन्या फिल्ममधून उत्तम निघतात. ती भिजत नाही, फाटत नाही. बायको तेव्हा ओरडलीही होती, "अहो, माझं डोकं आहे ते!" "तुझं डोकं जागेवर आहे," असं म्हणून याने कात्री चालवली होती.

त्याने लेकीला फोन लावला.

"बाबा, कपाटामागे सापडली. पण नुसती भोकं आहेत हिला!"

"अकरा आहेत. हत्यारांच्या पेटीत तारेत ओवलेले साचे आहेत, तेही आण. धाव."

लेक चाळीस मिनिटांनी पोचली. फिटरने प्रकाशाच्या पाटीवर फिल्म ठेवली आणि एकेक साचा आपापल्या भोकात बसवला. दीड इंची, दोन इंची, अडीच इंची. एकही माप चुकलं नाही. मात्र साच्यांच्या मधून कापलेल्या चकत्या कधीच कचऱ्यात गेल्या होत्या.

डॉक्टरीणबाई वाकल्या. दोन इंची साच्यावर फुग्याची एक कड होती. उरलेला चकतीबरोबर गेला होता.

"गुठळीच्या पुढच्याच वळणावर आहे. केवढा, ते कळत नाही," त्या म्हणाल्या. "तार पलीकडे नेणार नाही. नळी अलीकडेच ठेवून गुठळी खेचून घेऊ. तरी धोका आहेच. फुटला तर वाचवणं कठीण."

"आणि नाही काढली तर?"

"बहुतेक अंग आणि बोलणं जाईल. जीवही जाऊ शकतो."

"अलीकडूनच खेचा. जोर लावू नका," फिटर म्हणाला आणि सही केली. ज्याला आयुष्यभर शिव्या घातल्या, त्या आराखडा हरवणाऱ्या मालकाच्या जागी आज तो स्वतः बाकावर बसला होता.

गुठळी निघाली. फुगा टिकला. पण उजव्या हाताची बोटं वळेनात, शब्द एकेक करून यायला लागले.

"अर्धा-पाऊण तास आधी काढली असती तर?" त्याने विचारलं.

"सांगता येत नाही, काका," बाई म्हणाल्या. त्यांनी तोंडावर 'हो' म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

आता रोज सकाळी गॅलरीत तो तिच्या हातात चिमटा देतो. चिमटा पडतो. फिटर उचलतो, पुन्हा देतो.

"जोर लाव."

"अहो... तुम्हीच... म्हणालात ना... डोकं जागेवर आहे," ती थांबत थांबत म्हणते आणि हसते. तोंड अजून एकाच बाजूने हसतं.

तो हसत नाही. "पुन्हा धर," म्हणतो आणि चिमटा उचलायला वाकतो.