हवा खायला आलेलं स्थळ

आमच्या श्रीवर्धनाला समुद्र होता, पण समुद्रावर कोणी जात नसे. म्हणजे कोळी जात, कारण त्यांचं पोट तिकडे होतं. आम्ही सुपारीच्या वाडीतली माणसं गणपती पोचवायला जायचो, नाहीतर माणूस पोचवायला. पहाटे टमरेल घेऊन जाणारेही बरेच असत, पण त्यांना समुद्राच्या सौंदर्याबद्दल कोणी विचारलं नाही. नुसता समुद्र बघायला जायचं? आणि बघायचं काय? तो काय पळून जातोय?

त्यामुळे पुण्याच्या एका वकिलांनी ‘मुलगी समुद्रावरच बघू, तेवढीच हवा खाऊन होईल’ असा निरोप धाडला, तेव्हा आमच्या घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. बाबा म्हणाले, “वकील आहे. म्हणेल तिथे दाखवू. विहिरीत उतरून बघतो म्हणाला, तरी दोर मी धरीन.”

बाबांचंही चूक नव्हतं म्हणा. मला सोळावं सरलेलं, रंग खाऱ्या वाऱ्याने करपलेला, आणि तीनचार ठिकाणांहून नकार आलेला. गावात मला घोडनवरी म्हणत, तेही मला ऐकू जाईल अशा बेताने. वकील बिजवर होते, पस्तिशी ओलांडलेले, पहिली बायको वर्षापूर्वी गेलेली, पदरी एक मुलगा. बाबांच्या मते देवच पावला होता. मला मात्र तो माणूस नको होता. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

माघातला दिवस होता. वकील आणि त्यांच्या मातोश्री आदल्या दिवशी आगबोटीने आली. मातोश्रींनी बोटीत पोटातलं सगळं समुद्राला अर्पण केलं होतं, तरी ‘हवा छान हो तुमची’ म्हणत होत्या. सकाळी दोघं छत्री आणि काठी घेऊन चालत पुढे गेली. मागून आम्ही बैलगाडीतून: बाबा, आई, मी, जाजम, पाण्याची कळशी, दडप्या पोह्यांचं पातेलं आणि नारळाच्या वड्यांचा डबा. वाळूपाशी गाडी थांबली आणि गाडीवान ओरडला, “अवो, ते तर पिंडाच्या वट्यावर बसल्यात!”

आमच्या गावचं स्मशान किनाऱ्यावरच. भरती येते, राख धुऊन नेते, म्हणून ती जागा सगळ्यात स्वच्छ. उंडीच्या झाडांची सावली, आणि खाली दगडी ओटा, दहाव्याचे पिंड ठेवायला बांधलेला. कोळी तिथे मासळी सुकवत नाहीत, पोरं खेळत नाहीत. अख्ख्या किनाऱ्यात पाहुण्यांनी नेमका तोच ओटा शोधला, आणि वर मांडी घालून बसले.

“गप्प बसायचं,” बाबा दात आवळून म्हणाले. “शुभकार्याला आलेल्या माणसांना स्मशानात बसलात म्हणून सांगायचं? ठरतंय ते मोडेल. एक अक्षर काढलंत तर याद राखा.” आई राम राम पुटपुटली. ती ओट्यावर काही चढली नाही, खाली वाळूतच बसली. मातोश्री वरून बोलावत राहिल्या, “या हो विहीणबाई, वर या, किती थंडगार आहे!” अजून सुपारी फुटायची होती, पण आई विहीणबाई झाली होती. आई म्हणाली, “नको, मी इथेच बरी.”

मग आमचा समुद्रावरचा दिवस सुरू झाला. वकिलांनी छाती भरून श्वास घेतला आणि सांगितलं की ह्याला ओझोन म्हणतात, ह्याने फुप्फुसं साफ होतात. तो वास कोळीवाड्यातल्या सुकत घातलेल्या बोंबलांचा होता. बाबा म्हणाले, “हो, आमच्याकडे बारमाही असतो.” वाऱ्याने छत्री उलटी झाली. पोह्यांत वाळू गेली. प्रत्येक घासाला दाताखाली करकर, आणि तरी मातोश्री दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या. मग मला चालून दाखवायला सांगितलं, पाय अधू आहे का बघायला. कोरड्या वाळूत धडधाकट बैलसुद्धा लंगडतो! मी पाण्याच्या कडेने चालले, तिथे वाळू घट्ट असते.

आणि एक सांगते, मला फार बरं वाटलं. लाट पावलांवरून गेली, पायाखालची वाळू सरकली, आणि मी वेडीसारखी हसले. एवढी वर्षं हा आमच्या परसदारी होता आणि मी त्याच्यात पाय घालून कधी उभी राहिले नव्हते. लुगड्याचा काठ भिजला. मातोश्री म्हणाल्या, “पुरे. चाल ठीक आहे.”

मी येऊन बसले तोवर कावळे जमले होते. त्या ओट्यावर अन्न मांडलं की ते येणारच, त्यांची सवयच ती. वकिलांना भारी कौतुक. “काय माणसाळलेत!” म्हणून त्यांनी मूठभर पोहे कडेला ठेवले. हात मागे घेतात न घेतात तोच कावळ्याने चोच मारली. बाबांनी डोळे मिटून घेतले.

“बघा, इथे कसा झटकन शिवला,” मातोश्री म्हणाल्या. “आमच्या सुनेच्या दहाव्याला मेल्यांनी ऊन डोक्यावर येईस्तोवर ताटकळत ठेवलं. ह्याने सांगितलं, मुलाला सांभाळीन. नाही शिवला. दुसरी करीन ती मुलाला आईसारखी असेल. नाही शिवला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला तेव्हा सुटलो.” शुभकार्यात असलं बोलू नये हा नियम फक्त मुलीकडच्यांना असतो.

मी विचारलं, “त्यांना काय हवं होतं?”

मुलीने बघायला आलेल्यांना प्रश्न विचारायचा नसतो. बाबांनी डोळे वटारले. वकील हसले. “तिला काय हवं असणार? घरात गडी, नळाचं पाणी. काही कमी नव्हतं.”

“माहेर माहेर करायची,” मातोश्री म्हणाल्या. “एकदा पाठवली होती की! पण दरवर्षी पाठवायची तर इकडे चूल कोणी फुंकायची? शेवटच्या आजारातही तेच टुमणं. आता मेलेल्या माणसाला माहेरी कसं पाठवायचं, तुम्हीच सांगा!” आणि त्यांनी डब्यातली आणखी एक वडी उचलली.

त्या चुलीपुढे आता कोणाला बसवायचं ठरत होतं, ते मला कळत होतं. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा संताप जास्त आला. मी मोठ्याने म्हणाले, “तुम्ही बसलात ते आमच्या गावचं स्मशान आहे. हा ओटा पिंड ठेवायचा. म्हणून कावळे येतात.”

गुडघे धरलेत म्हणून सकाळपासून कण्हणाऱ्या मातोश्री ओट्यावरून अशा उडाल्या की वडी तिथेच राहिली. “शिव शिव शिव! गिळलं हो मी इथे!” वकील एकाच पायात बूट घालून पळाले. मायलेकरं अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरली आणि बुडी मारून निथळत बाहेर आली. समुद्रस्नानाची त्यांना हौस होतीच, ती सचैल पुरी झाली. आमच्याकडे न बघता दोघं गावाच्या वाटेला लागली.

बाबा ओरडले, “मोडलंस! हातचं स्थळ घालवलंस! आता बस जन्मभर घरात!” त्यांनी हात उगारला, आणि आई मध्ये येऊन उभी राहिली. मी तिला बाबांच्या समोर तशी उभी राहिलेली त्याआधी कधी पाहिली नव्हती.

आईचं माहेर दिवेआगरला. दुपारी निघालेली बैलगाडी दिवेलागणीपर्यंत पोचते. तिच्या भावाच्या लग्नाला आमच्या सुपारीची काढणी आडवी आली होती, त्याच्या मुलांच्या बारशांना आणखी काही.

“पोरीला काही बोलू नका,” आई म्हणाली. “आणि मेल्यावर मला दिवेआगरला कसं पाठवायचं, हा घोर तुम्हाला नको. गाडी उभीच आहे.”

आणि ती गाडीत जाऊन बसली.