चपटे वाक

चूक माझीच. गिऱ्हाइकाची जीप उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा सांगाडा मी घाईपायी नळाचे पाइप वाकवायच्या मशीनवर केला. वाकांवर पाइप चपटले, तिथे पुट्टी भरून रंग मारला.

काष्टीच्या बाजारात एक अनोळखी म्हातारा वेल्डर जीपपाशी थांबला. डोळे मिटून त्याने एकेका वाकावरून अंगठा फिरवला.

"मालक, नळाचं मशीन वापरलं व्हय? त्या पायपातनं पानी जातं. हितं मान्सं बसत्यात."

"बाबा, रंग बघा की," मी हसलो. तो हसला नाही. अंगठा धोतराला पुसून निघून गेला.

रविवारी गिऱ्हाईक त्याच जीपनं बायकोमुलांना घेऊन भंडारदऱ्याच्या घाटात गेलं. कळताच मी फोन लावला. तीनदा फोन लागला नाही. चौथ्यांदा लागला.

"भाऊ, गाडी तिथंच उभी करा. सांगाडा कच्चा आहे, मला ठाऊक होतं. माझं चुकलं. माफ करा."