लगीनसराईत गेलेला मदरबोर्ड

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. पंख्याच्या पात्यांवर धूळ बसते तसे ते बसत जातात आणि एखाद्या दिवशी कोणी बटण दाबलं की सगळे एकदम अंगावर येतात! आमच्याकडे ते बटण गोकुळ दाबतो.

परवा एका लग्नात आम्ही तिघं जुने लोक एका टेबलाशी आलो. दिगंबरभाऊ, गोकुळ आणि मी. डोक्यावरून शूटिंगचा ड्रोन घरघरत गेला. गोकुळने वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मंगल, मदरबोर्ड आठवतो का?"

झालं! पुढचा तासभर ताटातली शेवभाजी गार होत राहिली.

धुळ्यातल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर भाऊंचा व्हिडिओ मिक्सिंगचा स्टुडिओ होता. भाऊ मालक, गोकुळ कॅमेरामन आणि मी मिक्सिंगला. सीडीत नावं टाकायला म्हणून लागले होते, बघता बघता सगळं मिक्सिंगच माझ्याकडे आलं. त्या काळी लग्नाच्या सीडीत नवरी गुलाबातून उमलायची, नवरदेव बदामातून डोकवायचा आणि दोघं जण शिंदखेडा न सोडता बर्फाच्या डोंगरात फिरून यायचे. हे सगळं करणारा एकच कॉम्प्युटर होता. उन्हाळ्यात त्याची एक बाजू उघडी ठेवून टेबलफॅन त्याच्यावर सोडलेला असायचा. आम्ही घामात, तो वाऱ्यात!

* * *

ऐन लगीनसराईत, भर दुपारी, एक नवरी अर्धी गुलाबात आणि अर्धी बाहेर असताना पडदा काळा झाला.

गोकुळने नाक वर केलं. "काहीतरी जळलं."

"खाली अक्का मिरच्या भाजत असतील," भाऊ म्हणाले.

आमच्या बरोबर खाली अक्कांचं मिरची कांडप होतं. ठसका आम्हाला पगाराबरोबरच मिळायचा. पण हा वास मिरचीचा नव्हता.

हार्डवेअरवाला पंकज आला. त्याने कॉम्प्युटरचं दुसरं झाकण काढलं, आत जोरात फुंकर मारली आणि पुढची पाच मिनिटं तो नुसता शिंकत होता. डोळे पुसत म्हणाला, "भाऊ, हा कॉम्प्युटर आहे का तिखटाचा डबा?"

मग त्याने बॅटरी मारून आत दाखवलं. मदरबोर्डवरचे छोटे छोटे डबे, कपॅसिटर, वरून टम्म फुगले होते.

भाऊंनी वाकून बघितलं. "फुगलेत म्हणजे चांगलं की वाईट?"

"मदरबोर्ड गेला, भाऊ."

* * *

आता गेला तर नवीन घ्यायचा. पण भाऊंनी त्याच मोसमात नवा कॅमेरा हप्त्याने घेतला होता आणि गल्ला पार कोरडा होता. तरी ते म्हणाले, "बरं, घे नवीन बोर्ड."

पंकज म्हणाला, "नवीन बोर्डाला ही रॅम चालणार नाही."

"मग?"

"रॅम नवीन. आणि हा प्रोसेसरही त्यात बसणार नाही."

"मग?"

"प्रोसेसर नवीन. आणि मुख्य म्हणजे ज्याच्यावर तुमचे सगळे व्हिडिओ चालतात, ते हे मिक्सिंग कार्ड नवीन बोर्डावर चालेलच असं नाही."

भाऊंनी बोटांवर मोजून बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे सून आणायची, तर तिच्यासाठी सासू, सासरा, दीर, सगळे नवीन आणायचे?"

पंकज म्हणाला, "नाहीतर मग हाच जुन्या जातीचा बोर्ड कुठे सेकंड हँड मिळतो का ते बघा."

हसायला ठीक आहे, पण खरी भीती वेगळी होती. कॅसेट महाग, म्हणून एकदा शूटिंग कॉम्प्युटरमध्ये घेतलं की त्याच कॅसेटवर गोकुळ पुढचं लग्न काढायचा. म्हणजे काही लग्नं आता फक्त हार्ड डिस्कमध्ये होती. आणि त्या फाइली त्या कार्डाशिवाय उघडत नव्हत्या. पंकजने डिस्क त्याच्या कॉम्प्युटरला लावून बघितली, तर नुसता काळा चौकोन!

त्यातलं एक लग्न नरडाण्याकडच्या नानांच्या मुलीचं होतं.

* * *

भाऊंनी सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून खरं काय ते सांगून टाकलं, "मदरबोर्ड गेला, थोडं थांबा." त्या काळचे मोबाइल, त्या काळची रेंज. एका गावी त्यातला 'बोर्ड' रस्त्यातच पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावाहून चौघं जण भाऊंच्या घरी आले. पांढरे कपडे, खाली घातलेल्या माना. भाऊ आंघोळीला गेले होते. दार त्यांच्या आईने उघडलं. मंडळी काही न बोलता सतरंजीवर बसली. आईने ओळखलं, यांच्याकडे काहीतरी वाईट घडलंय. तिनेही डोक्यावर पदर घेतला आणि समोर बसली.

"कसं व्हयनं हो एकदम?" त्यातला एक जण म्हणाला.

"काय करता," आई म्हणाली, "आपल्या हातात काय आहे?"

"भाऊले जप."

"जपेन ना."

एकाने डोळे पुसले. ते बघून आईनेही पुसले. भाऊ टॉवेल गुंडाळून बाहेर आले, तर सगळी बैठक रडत होती! उठून त्यातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने भाऊंना मिठी मारली आणि म्हणाला, "माय गयी म्हणजे बठ्ठं गयं, भाऊ."

भाऊंना उलगडा व्हायला वेळ लागला, आणि झाल्यावर सांगायला जीभ रेटेना. त्यांनी "हो, हो" करत सगळ्यांना दारापर्यंत पोचवलं.

दार लावल्यावर आईने विचारलं, "कोण गेलं रे त्यांचं? बिचारे माझ्याकडे बघून बघून रडत होते!"

* * *

नाना मात्र फोनवर विश्वास ठेवणाऱ्यातले नव्हते. ते दर बाजाराच्या दिवशी यायचे. पांढरी टोपी, धोतर, हातात पिशवी. जिना चढून आले की दारातच विचारायचे, "व्हयनी का सीडी?"

"नाही, नाना."

"बरं."

एवढंच! ओरडणं नाही, भांडण नाही. उलट पिशवीतून वांगी काढून टेबलावर ठेवायचे. "हाई ल्या. भरीतनी वांगी शेतस." मग तांब्याभर पाणी पिऊन निघून जायचे.

भाऊ म्हणायचे, "हा माणूस एकदा शिव्या देईल तर बरं. ही वांगी गिळवत नाहीत मला."

शेवटी एका बाजाराच्या दिवशी, नाना गल्लीच्या तोंडाशी दिसताच भाऊ मागच्या जिन्याने उतरले आणि थेट अक्कांच्या कांडपात जाऊन लपले. नेमकं त्या दिवशी नानांना तिखट न्यायचं होतं. ते वर आलेच नाहीत, सरळ कांडपात शिरले. भाऊ पोत्यामागे उकिडवे बसलेले, डोक्यापासून पायापर्यंत लाल. तेवढ्यात त्यांना शिंक आली.

नानांनी पोत्यामागे वाकून बघितलं. कांडपाकडे हात करत अगदी सहज विचारलं, "भाऊ, तुम्ही आठेबी काम करतस का?"

* * *

त्याच संध्याकाळी भाऊंनी ठरवलं, धुळ्यात बोर्ड मिळत नाही तर जळगावला जायचं. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेतलं, कारण बोर्डावर मिक्सिंग कार्ड बसायची खाच कुठली ते मला दाखवता येत होतं.

जळगावच्या बाजारात उन्हातान्हात दुकानं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर, "हा आता येत नाही." शेवटी एका जिन्याखालच्या दुकानात, जुन्या कीबोर्डांच्या ढिगाखालून एकाने तसाच बोर्ड ओढून काढला. लावून दाखवला, चालला. भाऊंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला.

"वॉरंटी किती?"

दुकानदाराने दाराकडे बोट केलं. "त्या पायरीपर्यंत."

शिवाय बजावलं, की प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, वाकवू नका, आपटू नका. भाऊंनी गळ्यातलं नवं कोरं सुती उपरणं सोडलं, बोर्ड त्यात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला. परतीच्या एसटीला ही गर्दी! भाऊ धक्के खात, पाठ वाकवून उभे. एरंडोलच्या पुढे एका बाईला राहवलं नाही. ती उठली.

"बठा ओ भाऊ. आणि ती खिडकी लावा कोणी तरी, लेकरूले झळ लागी ऱ्हायनी!"

खिडकी लागली. भाऊ बसले. मी तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होते.

बाई कौतुकाने वाकली. "कितलं मोठं शे?"

भाऊ इतके थकले होते, की त्यांनी खरं तेच सांगितलं. "सेकंड हँड शे."

पारोळा येईपर्यंत ती बाई आमच्याशी एक शब्द बोलली नाही.

* * *

या बोर्डाचा तारखेचा किस्सा खरं तर नंतरचा, पण आधी सांगून टाकते.

त्याच्यावरचा बटणाएवढा सेल मेलेला होता. त्यामुळे कॉम्प्युटर रोज सकाळी उठला की त्याला वाटायचं, आपण कुठल्या तरी जुन्या सालात आहोत. पंकज म्हणाला, सेल बदला. भाऊ म्हणाले, "बोर्ड चालतोय ना? मग सेल पुढच्या महिन्यात." आणि आमच्या टायटलमध्ये तारीख कॉम्प्युटर आपोआप टाकायचा.

एक सीडी तशीच गेली. संध्याकाळी नवरदेवाचे वडील तणतणत जिना चढून आले.

"भाऊ, तुमच्या तारखेप्रमाणे आमची सून लग्नात चौथीत होती!"

दुसऱ्या दिवशी सेल आला.

* * *

बोर्ड बसवला तो दिवस मात्र विसरता येत नाही. पंकजने स्क्रू आवळले, जुनी रॅम खोडरबराने घासून बसवली, बटण दाबलं. आम्ही सगळे श्वास रोखून. आधी नुसतं बीप, मग पडदा निळा, मग आमच्या मिक्सिंगची खिडकी! गोकुळने शिट्टी मारली. भाऊंचे डोळे भरून आले. त्यांनी नारळ आणूनच ठेवला होता, आणि आनंदाच्या भरात तो टेबलाच्या कोपऱ्यावरच फोडला.

नारळाचं पाणी सरळ खालच्या एक्स्टेंशनवर! फट् आवाज, खोलीत अंधार, खाली अक्कांचं कांडपही बंद!

पंकजने टॉर्च लावून बोर्डाचा कोपरा न् कोपरा बघितला. मग म्हणाला, "भाऊ, वाचला. आता प्रसाद तरी कोरडा वाटा!"

* * *

फ्यूज बांधून होत नाही तोच नाना आले. भाऊ या वेळी पळाले नाहीत. स्वतः खुर्ची ओढून दिली. "बसा, नाना. तुमच्यासमोरच लावतो."

मी फाइल उघडली. काळा चौकोन नाही, मांडव दिसला! हळद, बँड, पंगती, अक्षता. नाना हात मांडीवर ठेवून बघत होते. मुलगी सुरतेला दिलेली. "तिना फोन येस कधीमधी," मध्येच एवढंच म्हणाले. लोक दिसत होते, ट्रॅक्टर सजवलेला दिसत होता. नाना मान हलवत होते, पण ज्याची वाट बघत होते ते अजून आलं नसावं.

मग एकदम चित्र आडवं झालं. गोकुळने पाणी प्यायला कॅमेरा ओसरीतल्या पोत्यावर ठेवला होता आणि बंद करायचा राहिला होता. पडद्यावर पोत्याची कड, एक धोतर आणि मेंदी लावलेली दोन पावलं. बाकी काही नाही.

"हे चुकून आलंय," गोकुळ घाईने म्हणाला. "मंगल, पुढे ने."

"ऱ्हाऊ द्या," नाना म्हणाले.

लांब बँड वाजत होता. मग मुलीचा आवाज आला, रडून बसलेला.

"नाना, गोळ्या फडताळमा ठेयेल शेतस. जेवणनंतर ल्या, आधी नही. लेशात ना?"

पडद्यावरच्या धोतरातून काही उत्तर आलं नाही. बाहेरून कोणीतरी मुलीला हाक मारली. पावलं वळली, पुन्हा थांबली.

"नाना, लेशात ना?"

भाऊंनी हात लांब करून टेबलफॅन बंद केला, आवाज नीट यावा म्हणून.

नाना खुर्चीत थोडे पुढे सरकले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मॉनिटरकडे बघत म्हणाले,

"लेस, बेटा. जेवणनंतरच लेस."