फॉक्सप्रोच्या वादात मी जिंकलो

वडवणीला, आमच्या तालुक्याच्या गावी, ज्या सरांनी मला पहिल्यांदा कॉम्प्युटर शिकवला, त्यांनाच मी चार माणसांत खाली बघायला लावलं. त्याची लाज अजून जात नाही. निमित्त होतं फॉक्सप्रो नावाच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेचं.

आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. ज्या पोरांना सांभाळायला मागं कोणी नसतं, ती शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहतात. त्यांची यादी ठेवायचा प्रोग्राम सरांनी फॉक्सप्रोमध्ये हौसेनं लिहून दिला होता. मी पुण्याच्या नोकरीतून सुट्टीवर आलेलो, अंगात वारं शिरलेलं. मुख्याध्यापकांना म्हणालो, हे फेकून द्या, मी पायथनमध्ये नवं करून देतो.

शाळेच्या ऑफिसात सर आणि मी तासभर भांडलो.

"तुज्या भाषेत साधी यादी बघायची तर आधी धा गोष्टी बसवाव्या लागतेत," सर म्हणाले. "हितं एक शब्द टाकला की आख्खा तक्ता उघडतो. नेट नको, काई नको. गुरुजी सोताच दुरुस्ती करतेत."

"म्हणून तर निम्मे रकाने रिकामे आहेत, सर."

"ऱ्हाऊ दे की. आपल्या लोकांकडं समदं लिहायला असतंय व्हय? माझी भाषा रिकामं सोसती."

"सोसते म्हणूनच मेली. बनवणाऱ्या कंपनीनं टाकून दिलेली भाषा तुम्ही उराशी धरून बसलात!"

ऑफिसात बसलेले सगळे शिक्षक हसले. सरही हसले. जाताना सगळी माहिती पेन ड्राइव्हवर काढून माझ्या हातात दिली.

माझ्या प्रोग्राममध्ये एकही रकाना रिकामा सोडता येत नव्हता. नाव दोनदा येऊ नये म्हणून मी पालकाचा मोबाइल नंबर आणि पोराची इयत्ता मिळून ओळख धरली. तीच ओळख पुन्हा आली की आधीची नोंद पुसून नवी बसायची. जुळी पोरं सोडली तर अडचण कोणाला येणार, असं वाटलं. पण तोडीला जाणारी माणसं स्वतःचा नंबर देतच नाहीत. रिचार्ज संपलेला असतो, म्हणून अख्खी टोळी तिला नेणाऱ्या मुकादमाचा नंबर सांगते. मी ऊसतोडीच्या गावात वाढलो आणि मला हे ठाऊक नव्हतं.

त्याच टोळीतलं तिसरीतलं दुसरं पोर नोंदवलं गेलं आणि तिसरीतली एक मुलगी अशीच पुसली गेली. टोळी निघायच्या दिवशी आई-बाप तिला अंथरुणासकट शाळेत सोडायला आले, तर यादीत तिचं नाव नाही. वसतिगृहाची मंजुरी यादीतल्या नावांनाच. बाहेर ट्रक हॉर्न वाजवत होता. त्यांनी वाद घातला नाही, पोरीला उचलून ट्रकमध्ये बसवलं. मुख्याध्यापकांनी मला हे फोनवर सांगितलं.

पायथनचा यात काही दोष नाही. मी फॉक्सप्रोमध्येही हाच घोळ घातला असता. सर भाषेबद्दल नाही, माणसांबद्दल बोलत होते आणि मी मुद्दे मोजत होतो.

पुढच्या सुट्टीत वडवणीला जाऊन मी सरांना सगळं सांगितलं. वाटलं, झाडतील. पण ते म्हणाले, "मुकादमाच्या नंबरचं मला म्हाईत व्हतं. सांगणार व्हतो. पर तू तसं बोललास, मला राग आला. म्हणलं, करू दे त्याला."

पाणी पिऊन मी उठलो.

उन्हाळ्यात टोळी परतली, तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. मी मुद्दाम त्या मुलीच्या घरी गेलो, मराठीचं पुस्तक उघडून तिच्यापुढं धरलं. ती पहिल्या ओळीतच अडली. पुस्तक मिटून तिनं माझ्या मांडीवर ठेवलं.

"वाचाया येत न्हाई आता," ती म्हणाली. "पर मला मोळी बांधता येती. लई घट्ट." आणि कशी बांधायची ते मला हातांनी करून दाखवू लागली.