समोरच्या चाकाचे ब्रेक-पॅड

माझ्या स्कूटरच्या समोरच्या चाकातून घासल्यासारखा आवाज यायला लागला, तेव्हा यांच्या बायपासला अडीच महिने होत आले होते. आवाजाचं मी घरात सांगितलं, ही माझी चूक. सोमवारी शाळेत जाता जाता मेकॅनिककडे टाकली असती तर विषय तिथंच संपला असता.

यांची नोकरी कारंज्याला, सरकारी कचेरीत. सकाळची बस, रात्री साडेआठला घरी. एकोणीस वर्षं माणूस असा धावत राहिला आणि एकदम डॉक्टरांनी सांगितलं, छातीचं हाड जुळेपर्यंत तीन महिने काही ओढायचं नाही, ढकलायचं नाही, गाडी चालवायची नाही. पहिला महिना दुखण्यात गेला. दुसऱ्या महिन्यापासून घर यांना चावायला लागलं. मी शाळेतून आले की कधी मसाल्याचे डबे नव्या क्रमानं लावलेले, कधी कूलरच्या जाळ्या अंगणात सोडवून ठेवलेल्या. पाण्याची मोटर दिवसातून चारदा चालू-बंद. बसले तरी पाय हलत राहायचा. दिवसभर पोर्चपासून गेटपर्यंत आणि गेटपासून पोर्चपर्यंत येरझारा.

आवाजाचं ऐकलं आणि यांचे डोळे चमकले.

"डिस्कचे पॅड गेले असतील. मी बदलतो."

"तुम्ही? तुमाले पाना उचलाले तरी सांगितलं का डॉक्टरनं?"

"पाना का दहा किलोचा राह्यते? व्हिडिओ पाह्यले मी. अर्ध्या तासाचं काम आहे."

दोन दिवस व्हिडिओ चालले. बसस्टँडजवळच्या दुकानातून मी पॅड आणले ते दुसऱ्याच मॉडेलचे निघाले. भर उन्हात पुन्हा गेले, बदलून आणले. रविवारी सकाळी चहा होतो न होतो, तोच स्कूटर पोर्चमध्ये मेन स्टँडवर. स्टँडवर मी लावली, कारण हे हात घालायला निघाले होते आणि मी ओरडले होते.

पहिलाच बोल्ट अडला. पॅड ज्या खिळीवर अडकवलेले असतात ती खिळी, षटकोनी एलन कीनं उघडायची. यांनी चावी लावली, थोडा जोर दिला आणि हात नकळत छातीवर गेला.

"सोडा. द्या मले."

"तुले नाई जमत."

"मंग राहू द्या. मेकॅनिक उघडा असते आज बारापर्यंत."

यांनी चावी माझ्या हातात अशी दिली, जणू कचेरीतल्या तिजोरीचीच चावी सोपवत होते.

मग मी खाली बसले आणि हे स्टुलावर. एका हातात मोबाइल, व्हिडिओ थांबवलेला. "उलटीकडे फिरव. उलटी म्हणजे डावीकडे वं! हळू. बोल्टचं डोकं झिजलं तर बसशील दिवसभर." चावीला पाइपचा तुकडा लावला तेव्हा कुठे बोल्ट कट् करून सुटला. कॅलिपरचे दोन बोल्ट त्यामानानं सोपे गेले. कॅलिपर म्हणजे चकतीला दोन्ही बाजूंनी दाबणारा तो लोखंडी पंजा. तो बाहेर ओढला तर जुने पॅड निघाले, त्यातला एक घासून घासून नुसता पत्रा उरलेला. मी रोज सोळा किलोमीटर जाते, सोळा येते. दोघंही त्या पत्र्याकडे पाहत राहिलो.

"आधी सांगितलं नाई तू," हे म्हणाले. "कधीपासून आवाज येऊन राह्यला होता?"

"आठ-दहा दिवस झाले असतील."

"आणि मी घरातच होतो."

यांनी तो पत्रा उलटा करून बाजूला ठेवला. "पिस्टन आत ढकलाचा आता," एवढंच.

पिस्टन, म्हणजे पॅडला मागून रेटणारा दट्ट्या, आत जाईना. नवे पॅड जाड, त्यांना जागा हवी. जुना पॅड आडवा धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं होतं. मी दाबते आहे, घामानं हात सरकतो आहे, हे वरून "जोर लाव, जोर लाव" म्हणताहेत. एकाएकी यांनी मोबाइल ठेवला आणि खाली वाकून माझ्या हातावर हात ठेवले.

मी हात झटकला. "हाड उकललं तर कोण पाहीन? मी का शाळा सोडून पुन्हा नागपूरले बसू? पंधरा दिवस दवाखान्यातल्या बाकड्यावर झोपली मी तिथं, मालूम आहे ना?"

असं मी आधी कधी बोलून दाखवलं नव्हतं. हे उठले, गेटपर्यंत गेले. गेटची कडी काढली, लावली. परत आले. स्टुलावर बसले आणि शांत आवाजात म्हणाले, "हँडलवरच्या ब्रेक-ऑइलच्या टाकीचं झाकण सैल कर. ऑइलले जागा भेटली का पिस्टन आत जाते."

झाकण सैल केलं आणि पिस्टन खरंच हळूहळू आत गेला. वरून ऑइलचे चार थेंब रंगावर ओघळले. "पाणी! रंग उडते त्यानं!" हे स्वतःच पाण्याचा मग घेऊन धावले. तेवढं मी करू दिलं. नव्या पॅडना तेलकट बोट लागू नये म्हणून मी साबणानं हात धुऊन आले. बाकीचं भराभर बसलं.

ब्रेकची दांडी दाबली तर ती सरळ मुठीला टेकली. काहीच नाही, नुसती पोकळ.

"असंच राह्यते," हे हसले. त्या दिवशीचं पहिलंच हसू. "दाबत राह्य. पंप कर."

दहा-बारा वेळा दाबल्यावर दांडी घट्ट झाली.

मी हात धुवायला मोरीत गेले. काळं तेल नखांत गेलेलं, वेळ लागला. बाहेर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी ओल्या हातांनी धावले, तोवर हे गेटबाहेर होते.

"कोपऱ्यापर्यंतच! ट्रायल घेतो!"

कोपरा म्हणजे किराणा दुकान. दोन मिनिटांचं जाणं-येणं. मी गेटला उभी राहिले. पाच मिनिटं झाली. फोन लावला तर स्टुलाखाली वाजला. व्हिडिओ तसाच थांबलेला, पडद्यावर कोणाचे तरी हातमोजे घातलेले हात. दहा मिनिटं झाली. बोल्ट मी घट्ट केले होते ना? दोन्ही? एक मी केला, दुसरा करताना हे बोलत होते. झाकण? मनात पुन्हा पुन्हा सगळं लावलं, पुन्हा पुन्हा उकललं. मग ओढणी खांद्यावर टाकली आणि निघाले.

किराणावाले म्हणाले, "साहेब गेले ना तिकडं, लेआउटच्या टोकाकडे. लय हळू चालवून राह्यले होते. काऊन, काही झालं का मॅडम?"

मी जवळजवळ पळतच गेले. आमच्या वसाहतीच्या शेवटच्या रिकाम्या प्लॉटांपलीकडे नाल्यावर छोटा पूल आहे. त्याच्या कठड्यावर हे बसलेले, स्कूटर बाजूला. पडलेले नव्हते. पहिल्यांदा तेवढंच दिसलं.

"दुखून राह्यलं का?"

"नाई."

"मंग घरी काऊन नाई आले?"

हे हाताकडे पाहत होते. "कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक मारला. मस्त लागला, गाडी जागच्या जागी उभी. आन् मंग हात कापाले लागले. चावी फिरवाची हिंमतच नाई झाली. मले वाटलं, आता चालवली का काही तरी होते." मग म्हणाले, "अडीच महिने मले वाटून राह्यलं होतं, डॉक्टरच अडवून राह्यला. तसं नाई वं. मलेच भेव वाटते."

रागवायचं मी वाटेतच ठरवलं होतं, सगळी वाक्यं तयार होती. पण मीही कठड्यावर बसले. कठडा तापलेला होता, तरी बसलो.

गाडी माझी असली तरी हे सोबत असले की चावी यांच्याकडेच, हा लग्नापासूनचा रिवाज. त्या दिवशी हे पहिल्यांदा माझ्या मागे बसले. हात कुठे ठेवावे कळेना. आधी मांडीवर, मग सीटच्या कडेला, शेवटी माझ्या खांद्यावर. कोपऱ्यावर किराणावाल्यांनी पाहिलं, तरी हात काढला नाही.

तीन महिने पूर्ण झाल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली. हे लगेच गाडीवर बसले नाहीत. रोज संध्याकाळी मी नाल्यापर्यंत न्यायची, तिथून परत हे चालवायचे आणि मी मागे बसायची. पाचव्या की सहाव्या दिवशी म्हणाले, "तू राह्य घरी, दूध मी आणतो." मी गेटशी उभी राहिले नाही. आत कुकर लावला. शिट्ट्या मात्र मोजता आल्या नाहीत, भात खाली लागला.

हे दूध घेऊन आले आणि तोच भात वरवरचा वाढून घेऊन जेवले. पुढच्या सोमवारी सकाळी बॅग घेऊन कारंज्याच्या बसला गेले.