बँकॉकला दहा, हनोईला चार

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, ते आधीच सांगते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन आलं ते फक्त किराण्याची यादी लिहायला. कोणी हे वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात. चार माणसांत मला बोलता येत नाही, आणि मनात ठेवलं की जीव खालीवर होत राहतो. म्हणून पापड उन्हात घातले की सावलीत बसून लिहिते.

माझं माहेर रोह्याकडचं खांब आणि सासर पेण. आई मला भेटायला पेणला यायची तेव्हा तिच्या पिशवीत फिरकीचा तांब्या असायचा. त्यातलंच पाणी प्यायची. जेवायला शेजारच्या काकूंकडे जायची. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. माहेरी माझी मुलगी झाली आणि आई आम्हाला पेणला पोचवायला आली, त्या दिवशी तिने माझ्या माठातलं पाणी पहिल्यांदा घेतलं. दोन पेले प्यायली.

त्या मुलीचं लग्न झालं आणि ती थेट हनोईला गेली. जावई मशीन बसवणाऱ्या कंपनीत आहेत. आधी ते इथेच डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर होते, मग कंपनीने बाहेर पाठवायला सुरुवात केली. कधी बँकॉक, कधी सिंगापूर, कधी क्वालालंपूर. लग्नाच्या वर्षी हनोईला दोन वर्षांसाठी नेमणूक झाली. मुलगी तिथे गेली आणि वर्षभरात दिवस राहिले.

पहिलं बाळंतपण माहेरचं. मी डिंक, हळीव, खारीक सगळं आणून ठेवलं होतं. सातवा संपताना तिचा फोन आला. तिथल्या डॉक्टरणीने विमानात बसायला मनाई केली होती, रक्तदाब वाढला होता.

“आई, तूच ये,” ती म्हणाली. एवढंच बोलून ती रडायला लागली. मी येते म्हणाले.

येते म्हणणं सोपं होतं. पण राहू कुठे? तिचं घर दोन खोल्यांचं आणि मूल अजून झालेलं नाही. तिच्या घरचं पाणीसुद्धा मला चालणार नव्हतं.

“आई, आता कोण मानतं गो हे?” मुलगी म्हणाली.

“मी मानते.”

“मग काय फूटपाथवर झोपणार हायस?”

तेव्हा जावई मध्ये पडले. त्यांनी मला पॉइंटांची गोष्ट सांगितली. ते कामाला जातात तिथे एकाच मोठ्या हॉटेलवाल्यांकडे उतरतात. ते हॉटेलवाले राहील त्याच्या नावावर पॉइंट जमा करतात. खोलीचं भाडं कंपनी भरते, पण पॉइंट माणसाचे. खूप साठले की त्याच हॉटेलवाल्यांकडे फुकट राहता येतं.

“आई, तुम्ही हॉटेलात राहा. माझा एक पैसा जाणार नाही,” ते म्हणाले.

मी विचार केला. पॉइंट म्हणजे धान्य नाही, पाणी नाही, जावयाच्या खिशातले पैसेही नाहीत. मला पटलं. रात्री ह्यांना सांगितलं तेव्हा माझा आवाज मोठा होता, इतकी मी खूश होते.

पुढच्या रविवारी जावयांनी हनोईहून व्हिडिओ कॉल करून नकाशा दाखवला. हॉटेलं होती तिथे लाल ठिपके. बँकॉकमध्ये पोहे सांडल्यासारखे ठिपके, एका रस्त्यावरच चार. सिंगापूरलाही भरपूर. क्वालालंपूरला जरा कमी. मग त्यांनी नकाशा सरकवून हनोई आणलं.

एकच ठिपका होता. तोही शहरात नाही, पार विमानतळाच्या बाजूला. मुलीचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, गाडीने तासभर.

“आणि एकच असल्यामुळे ते पॉइंट जास्त मागतात,” जावई खाली बघत म्हणाले. “माझ्याकडे आहेत त्यात बँकॉकला दहा रात्री मिळतात. इथे चार.”

हे मागून ऐकत होते. हे गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवतात, डोळ्यांची आखणी करतात. “मग लेकीला सांग, बँकॉकला जाऊन बाळंत हो,” हे म्हणाले. जावई हसले. मला हसू आलं नाही.

मला ते नवीनही नव्हतं. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे. पेणहून पनवेलला गाड्याच गाड्या, अर्ध्या तिकिटात कितीही वेळा जा. पण माझी नणंद गागोद्याकडे आतल्या वाडीत राहते. तिथे गाडीच जात नाही. सवलत तिलाही आहे, पण बसणार कशात? रिक्षावाल्याला पुरे पैसे देऊन यावं लागतं.

त्या आठवड्यात माझे हात कामात लागेनात. पापड लाटताना कडा जाड राहायच्या. दिवस भरायला अजून सहा आठवडे होते. चार रात्री त्या लांबच्या हॉटेलात, पुढे मुलीच्या घराजवळ एखादी साधी खोली भाड्याने, आणि विमानाचं तिकीट. ह्यांनी मूर्तींच्या कामाचे आगाऊ पैसे आधीच घेतले होते. माझ्या गाठीला होते ते पासपोर्ट आणि व्हिसात गेले. शेवटी मी बचत गटाच्या बैठकीत तोंड उघडलं. गटात मी आठ वर्षं आहे, पण सही करण्यापलीकडे कधी बोलले नव्हते.

“पन्नास हजार पायजेत,” मी म्हटलं.

“अगो, एवढे कशाला? बंगला बांधतेस काय?” एकजण म्हणाली.

“लेकीचं बाळंतपण. हनोईला.”

“जावई एवढा फॉरेनला आणि पैसे तू काढतेस?”

मी मान खाली घातली. आमच्या अध्यक्षीण बाई वयाने मोठ्या आहेत, त्यांचं मिठागर होतं पूर्वी. त्या म्हणाल्या, “बाळंतपण आईचंच असतं. जावयाला मधी कशाला आणता गो? द्या तिला.”  पैसे मंजूर झाले.

ह्यांच्या हातात परदेशी जाणाऱ्या मूर्ती होत्या, वेळेत रंगवून द्यायच्या होत्या. “माझे गणपती अमेरिकेला पोचले, मी अजून मुंबईच्या पुढं नाय,” असं म्हणत ह्यांनी मला मुंबईच्या विमानतळावर सोडलं. मी चुकू नये म्हणून जावयांनी चाकाच्या खुर्चीची सोय सांगून ठेवली होती. मला धडधाकट बाईला खुर्चीत बसवून एक मुलगा ढकलत निघाला. लोक बघत होते. मी पदर कपाळापर्यंत ओढला आणि डोळे मिटून घेतले. खुर्ची थेट विमानाच्या दारापर्यंत गेली.

हनोईला मुलगी घ्यायला आली नाही, तिला झोपून राहायला सांगितलं होतं. जावई आले. त्यांनी मला त्या लाल ठिपक्यावर नेलं.

खोली आमच्या अख्ख्या घराएवढी होती. पलंगावर सहा उश्या. खिडकीतून विमानं उठताना दिसायची, बाकी भाताची शेतं, आमच्यासारखीच. मी गादीवर पडले, उठले, चादर खाली अंथरून पडले, पुन्हा उठले. एवढ्या लांब येऊन मी मुलीपासून तासभर दूर होते. खोलीत करायला काहीच काम नव्हतं. न्हाणीघरातला आरसा दोनदा पुसला.

पहाटे जावई मला हॉटेलातून आणून मुलीकडे सोडायचे आणि मग कारखान्यावर जायचे. कारखाना शहराबाहेर होता, तिथून आणखी दोन तास. मी दिवसभर तिच्याकडे. तिचे पाय चेपायचे, भात-आमटी करायची, केस विंचरायचे. जेवायच्या वेळी मात्र मी पिशवीतून हॉटेलातला पाव आणि केळी काढायचे. पाणीही हॉटेलातल्या बाटलीतलं.

पहिले दोन दिवस तिने ते चालवून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिने ताट सरकवलं.

“हॉटेलचं पाणी चालतं तुला आणि माझं नाय?”

“हॉटेल परकं आहे. तिथे काय नातं?”

“आई, ते पॉइंट कोणाचे? सहा-सहा महिने हे एकटे त्या हॉटेलात राहिले, ताप आला तरी एकटे. त्याचेच पॉइंट ना ते? मग ते जावयाचं नाय तर कोणाचं?”

माझ्या हातात केळं होतं. तिचं बोलणं खरं होतं. मी केळं तसंच पिशवीत टाकलं. त्या दिवशी मी जेवले नाही आणि तीही नीट जेवली नाही. संध्याकाळी जावई न्यायला आले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. दारातून मी म्हटलं, “उद्या लवकर येते.” तिने हात वर केला, मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या चार रात्री संपत होत्या. मुलीच्या घराजवळची खोली आम्ही ठरवून ठेवली होती, दुपारी तिथे जायचं होतं. जावयांना पहाटेच कारखान्यावर बोलावलं होतं, ते येऊन मला नेणार होते ते जमलं नाही. मी बॅग भरून बसले होते. सकाळी मुलीचा फोन आला.

“आई, दुखतंय.”

“किती?”

“खूप. पाणी गेलंय.”

महिन्याहून जास्त आधी. मी बॅग तिथेच टाकून खाली पळाले. काउंटरवरच्या मुलीला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. मी पोटावर हात गोल फिरवून दाखवला आणि फोन तिच्या कानाला लावला. पलीकडून माझी मुलगी तिच्याशी तिथल्या भाषेत दोन वाक्यं बोलली. ती पोरगी उठली, बाहेर धावली, गाडी बोलावली, चालवणाऱ्याला दवाखान्याचं नाव सांगितलं आणि मला आत बसवून दार लावलं.

ती गाडी मला अजून आठवते. पुढे नुसत्या दुचाक्या, सगळीकडून दुचाक्या. मोठ्या पुलावर गाडी थांबली ती हलेचना. मी मागच्या सीटवर पुढे सरकून बसले होते, जसं काही त्याने गाडी लवकर जाईल. फोनवर मुलीचा श्वास ऐकू येत होता. मध्येच एका बाईचा आवाज. शेजारीण तिला घेऊन निघाली होती. मग फोन बंद झाला.

तो शहरातला ठिपका असता तर मी चालत पोचले असते. आणि मी तिच्या घरात निजले असते, तर चालावंही लागलं नसतं.

दवाखान्यात पोचले तेव्हा नात झालेली होती. काचेच्या पेटीत ठेवली होती, माझ्या वितीपेक्षा थोडी मोठी, पण रडत होती. मुलीच्या पलंगाशी ती शेजारीण बसली होती, माझ्याच वयाची बाई. मुलीचा हात तिच्या हातात होता. तिने मला बघितलं आणि उठून मला जागा दिली. मी तिच्या पाया पडले. ती घाबरून मागे सरली.

“आली?” मुलगी म्हणाली.

“उशीर झाला गो बाय.”

“तू असतीस तर मी जास्त ओरडले असते,” ती म्हणाली आणि डोळे मिटले.

तिच्या उशाशी पाण्याची बाटली होती. मी ती उचलली आणि उरलेलं सगळं पाणी प्यायले.

भाड्याची खोली मी घेतली नाही. व्हिसा संपेपर्यंत तिच्या घरात राहिले, तिच्या ताटात जेवले. नात तीन आठवड्यांनी घरी आली. जावयांचे थोडे पॉइंट उरले होते, ते वर्षअखेर वायाच गेले. हनोईत वापरणार कुठे? ते एकदोनदा हळहळले, मग विसरले.

खोलीचे वाचलेले पैसे मी आल्या आल्या गटात भरले. पुढे पापडांच्या दिवसांत जमेल तसे भरत राहिले, पण एक उन्हाळा अवकाळी पावसात गेला, पापड वाळले नाहीत आणि हप्ते थकले. बैठकीला जायची मला लाज वाटायला लागली. एकदा फोनवर माझ्या तोंडून ते निघून गेलं. मुलीने दुसऱ्याच दिवशी पैसे पाठवले.

“परत पाठवते,” मी म्हटलं.

“पाठवून बघ. मी पुन्हा पाठवीन,” ती म्हणाली.

दोन दिवस ते पैसे खात्यात पडून होते आणि मी घरात येरझाऱ्या घालत होते. हे ब्रश धुता धुता म्हणाले, “पाणी प्यायलीस ना तिचं? मग?” मी साडी बदलली आणि बँकेत गेले.

गटाच्या बैठकीत मी नोटा अध्यक्षीण बाईंच्या पुढ्यात ठेवल्या. कोणी विचारायच्या आधीच म्हटलं, “लेकीने दिलेत.” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही. बाईंनी पैसे मोजले, पुन्हा मोजले, माझ्या नावापुढे रेघ ओढली आणि म्हणाल्या, “फिटले गो, सगळे फिटले.”