ॲलनकाकांनी सांभाळलेला दिवा

माझ्या बाबांचा दहा दिवसांचा दिवा एका ख्रिश्चन माणसाने सांभाळला.

तो माणूस परवा गेला.

ॲलनकाका. ग्लासगोला आमच्या युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर चॅपल आहे, त्याचे केअरटेकर. कायम खोकणारे, कायम वैतागलेले, खिशात कायम पेपरमिंट.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी नागपूरला बाबा अचानक गेले. माझं व्हिसा एक्स्टेन्शन चालू होतं, देश सोडला असता तर सगळंच रद्द. भावाने अग्नी दिला. मी फोनवर पाहिला.

आई म्हणाली, "तिथं एक दिवा लाव. दहा दिवस. वात दक्षिणेकडे. अन् विझू देऊ नको हं."

बाबांसाठी मला करता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

पण स्टुडंट हॉलमध्ये टोस्ट करपला तरी फायर अलार्म! दिवा कुठला लावू देतात?

शेवटी पणती घेऊन चॅपलमध्ये गेले. दारात बूट काढले.

"बूट घाल. फरशी बर्फासारखी आहे," हे ॲलनकाकांचं पहिलं वाक्य.

मी सगळं सांगितलं. रडत, अर्धं इंग्लिश, अर्धं मराठी.

"पाचला चॅपल बंद होतं. कोणी नसताना ज्योत ठेवायची नाही, रूल आहे."

झालं, संपलं, असं वाटलं मला.

त्यांनी एक पेपरमिंट पुढे केली. "मग कोणीतरी असायला हवं ना सोबत. मी घरी नेतो."

आणि नेला हो खरंच! रोज पाचला पणतीवरून जुना कंदील पेटवायचा, चढ चढून दहा मिनिटांवरच्या फ्लॅटवर न्यायचा, सकाळी परत चॅपलमध्ये. दहा दिवस. ग्लासगोच्या त्या वाऱ्यात.

फक्त दक्षिणेवरून कुरकुर, अस्सल स्कॉटिश माणूस ना. "साउथला इंग्लंड आहे. नक्की तिकडेच तोंड करायचं?"

बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

मागच्या वर्षी लेकीला घेऊन भेटायला गेले. काका आता बरेच थकले होते. चहा घेता घेता म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय. चौथ्या दिवशी चढावर कंदील विझला. मी किचनमधल्या काडीने परत लावला. तुझा चेहरा बघून सांगायची हिंमत झाली नाही."

इतकी वर्षं हा माणूस हे मनात घेऊन बसला होता! आणि मी आईला छातीठोकपणे सांगितलं होतं, एकदाही विझला नाही म्हणून.

तिथूनच आईला फोन लावला.

"काहून रडून राहिली?" आई म्हणाली. "इथला तर दोनदा विझला होता. तुला कुठं सांगत बसू? तू तिकडे एकटी."

मी ॲलनकाकांना ते सांगितलं. इतके हसले, इतके हसले की खोकल्याची उबळच आली. मग डोळे पुसत बसले.

परवा त्यांच्या मुलीचा मेसेज आला. मी लगेच तिला कळवलं, इथे लंडनमध्ये, पिनरला माझ्या घरी दिवा लावतेय, दहा दिवस.

वात दक्षिणेकडेच आहे, ॲलनकाका. आता कुरकुर चालणार नाही.

आज सकाळी खिडकी उघडी राहिली आणि दिवा विझला.

मी परत लावला.

तुमच्या मुलीला सांगितलेलं नाही.

या आता, काका. खूप माया केलीत.